मधला लाल पट्टा

काकू: ...अगं पण काचेतून त्यांचे हात बघ ना, कसे थरथरतायत! काल रात्रीपासून गोळी नाही. शर्टाची बटणं मी लावली, चपला मी चढवल्या, आणि वर तू सांगतेस हलू नका.

संशोधक: हात हलले तरी चालतील, काकू. डोकं तेवढं नको. कानांपाशी दोन्ही बाजूंनी फोम दाबून बसवलाय मी. गोळीचा असर उतरलेला असतानाच तपासायचं आणि चित्रं घ्यायची, असं ठरलेलं आहे. शेवटचं चित्र झालं की गोळी लगेच द्या.

काकू: पर्समध्येच आहे. हातात धरूनच बसते म्हण ना.

संशोधक: काका, ऐकू येतंय? एमआरआयचं पहिलं चित्र सुरू करतेय. आवाज मोठा असेल. काही वाटलं तर हातातला रबरी फुगा दाबा, मी लगेच बाहेर काढीन.

काका: बरं.

काकू: ऐकलंस? "बरं." दोन वर्षांत त्या माणसात एवढंच उरलंय. जेवता का? बरं. झोपता का? बरं. घराला आग लागली म्हणून ओरडले तरी बरंच म्हणतील.

संशोधक: सुरू झालं बघा.

काकू: बाई गं! रस्ता फोडतायत की काय आत?

संशोधक: चुंबकाचा आवाज आहे. आता सातेक मिनिटं आपलं त्यांना ऐकू जाणार नाही आणि त्यांचं आपल्याला येणार नाही. मागच्या वेळी तुम्हीही आत होता ना?

काकू: होते तर. ह्यांना कंपवात म्हणून ह्यांचं डोकं तपासायचं, आणि तुलनेला एक निरोगी डोकं हवं म्हणून माझं. मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी माझं डोकं ठिकाणावर आहे असं मान्य केलंय.

संशोधक: नवरा-बायको असले की आम्हाला फार सोपं जातं. वय जवळपास सारखं, घर एक, खाणं-पिणं एक. फरक दिसला तर तो आजाराचा असण्याची शक्यता वाढते.

काकू: खाणं एक, घर एक. बोलणं तेवढं एकटीचं... पोरी, खरंच ऐकू जात नाही ना त्यांना?

संशोधक: नाही. कानात बोळे आहेत, वर हेडफोन, आणि त्यावर ही धडधड.

काकू: मग एक विचारते. तू रोज माणसांच्या डोक्यात बघतेस. मला एवढंच सांग, आत माणूस आहे का?

संशोधक: म्हणजे?

काकू: म्हणजे काय म्हणजे? माझा नवरा. तो आत आहे, की गेला? गावाबाहेर एक घर आहे, अशा आजारी म्हाताऱ्यांचं. नर्सा आहेत, बाग आहे, सगळं स्वच्छ. आमच्या लेकीने शोधलं. आम्ही जाऊन बघून आलो. तिथली एक खोली रिकामी झालीय आणि आज संध्याकाळपर्यंत मला हो-नाही कळवायचंय. नाहीतर ती दुसऱ्याला जाईल.

संशोधक: काका काय म्हणतात?

काकू: काय म्हणणार? बरं!

संशोधक: तुम्हाला एकटीला सगळं झेपत नसेल...

काकू: झेपण्याचं सोड गं. उठवणं, बसवणं, अंघोळ घालणं, सगळं करीन. हाडं मजबूत आहेत माझी. पण समोर बघावं तर चेहरा म्हणजे भिंत. आमच्या शेजारणीच्या नकला करते मी. ती बाई फोनवर कशी बोलते, जिना कशी चढते. ह्या नकलांवर हा माणूस पोट धरून हसायचा, डोळ्यांतून पाणी काढायचा. आता ओठसुद्धा हलत नाही. टक लावून बघतात फक्त. मला वाटतं, रागावलेत माझ्यावर. राग असला तर भांडीन, भांडायला मी कुणाला ऐकत नाही. पण आत कोणी नसलंच, तर भांडू कुणाशी? मग तिकडे काय आणि इकडे काय. तेवढं तुझ्या ह्या यंत्रात बघ आणि सांग.

संशोधक: काकू... हे यंत्र तसं काही सांगत नाही.

काकू: मग एवढं मोठं कशाला आणून ठेवलंय?

संशोधक: चेहरा असा होतो ह्या आजारात. चेहऱ्याचे स्नायू मंदावतात. माणसाला हसू येतं, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचत नाही.

काकू: डॉक्टरही तेच म्हणाले. पण ते झालं सगळ्यांचं. मला माझ्या माणसाचं हवंय.

संशोधक: एकाच माणसाच्या चित्रावरून मी काही सांगितलं, तर ते खोटं बोलणं होईल. शंभर-सव्वाशे माणसं, दोन-दोन वर्षांच्या अंतराने, सगळ्यांची चित्रं एकावर एक ठेवल्यावर थोडंसं काहीतरी कळतं.

काकू: खरं बोलतेस, हे एक बरं. मग बघता तरी काय त्यात?

संशोधक: पाणी.

काकू: पाणी?

संशोधक: मेंदूत सगळीकडे पाणी आहे. आणि पाण्याचे कण क्षणभरही गप्प बसत नाहीत.

काकू: माझ्यासारखे.

संशोधक: अगदी तुमच्यासारखे. मोकळी जागा असली की ते सगळ्या दिशांना सारखेच भटकतात. पण मेंदूचा जो पांढरा भाग आहे ना, तो म्हणजे नुसते धागे. केसापेक्षा कितीतरी बारीक, एकमेकांना चिकटून लांबच लांब गेलेले. तिथे पाण्याला आडवं जाता येत नाही फारसं. ते धाग्याच्या कडेकडेने जातं. मैदानात माणसं कुठेही भरकटतात, पण गल्लीतली माणसं गल्लीच्याच दिशेने चालतात, तसं. आम्हाला गल्ली दिसत नाही. माणसं कुठे चाललीत तेवढं कळतं. त्यावरून गल्ल्यांचा नकाशा काढायचा.

काकू: डोकं न उघडता?

संशोधक: डोकं न उघडता, सुई न टोचता. ह्या घडीला काचेपलीकडे काकांच्या डोक्यात पाणी हलतंय, आणि कुठे कुठे हलतंय ते इथे उमटतंय. तीन वर्षं झाली मला हे करून. अजूनही नकाशा भरायला लागला की अंगावर काटा येतो. एका माणसाच्या डोक्यातले हे धागे टोकाला टोक जोडले तर लाखभर किलोमीटर होतील, असा अंदाज आहे. पृथ्वीला दोन वेढे घालून उरतील.

काकू: एवढ्याशा कवटीत?

संशोधक: एवढ्याशा.

काकू: लाख किलोमीटर! आणि चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही.

संशोधक: थांबलं बघा. पहिलं झालं. बोलायचंय त्यांच्याशी? हे बटण.

काकू: अहो! ठीक आहे ना? थंडी वाजतेय का? पांघरूण हवं असेल तर सांगा, लाजू नका, मुलगी चांगली आहे. अहो? बघ. नाही बोलत. घरीही हेच.

संशोधक: काकू, बटण दाबून धरलंय तुम्ही. दाबलेलं असतं तोवर आपला आवाज तिकडे जातो. सोडलं की त्यांचा इकडे येतो. दोन्ही एकदम होत नाही.

काकू: हं, सोडलं. ...नाही बोलत.

संशोधक: थांबा जरा.

काकू: किती थांबू? अहो, मी विचारलं काय आणि तुम्ही...

संशोधक: परत दाबलंत.

काकू: सवयच आहे मेली. हे घे, हात मागे घेतला.

काका: ...थंडी नाही. पाय तेवढे आखडलेत. तू बस जरा खुर्चीवर. सकाळपासून उभी आहेस.

काकू: कोण बोललं हे?

संशोधक: काका बोलले.

काकू: एवढ्या मोठ्याने? हा तर त्यांचा पूर्वीचा आवाज आहे!

संशोधक: त्यांच्या तोंडाजवळ माइक आहे. इकडे येताना आवाज वाढवून येतो. ह्या आजारात आवाज लहान होत जातो, आणि ज्याचा होतो त्याला ते जाणवत नाही. आपण नेहमीसारखंच बोलतोय असं वाटतं. शिवाय उत्तर यायला वेळ लागतो. घरीही ते बोलत असतील.

काकू: घरी? घरी नळ चालू असतो, टीव्ही चालू असतो... माझं तोंड चालू असतं.

काका: पोरी, आहेस का तिथे? तुला एक विचारायचं होतं.

संशोधक: आहे, काका. विचारा ना.

काका: लाल किती वाढलंय?

संशोधक: लाल? कुठलं लाल?

काका: मधलं. मागच्या वेळी आलो तेव्हा तुमच्या त्या दुसऱ्या मुलाने चित्र छापून दिलं होतं. आमच्या दोघांचं एकेक. आठवण म्हणून.

काकू: हो, माझं कुठल्या तरी खणात गेलं. ह्यांचं कपाटाच्या दाराला आतून लावलंय. रोज दार उघडून उभे असतात. मी म्हणते, पँट शोधतायत.

काका: त्यात मधोमध लाल आहे. जाड. दोन अर्ध्यांच्या बरोबर मध्ये. तेव्हाच तेवढं होतं, म्हणजे आता बरंच पसरलं असेल. किती, ते सांग. मी घाबरणार नाही.

संशोधक: काका, लाल म्हणजे तुम्हाला काय वाटलं?

काका: वाटायचं काय त्यात. मी टेलिफोनच्या केबली जोडायचो. रस्त्याखाली, खड्ड्यात बसून. एका केबलीत तारांच्या शेकडो जोड्या. तपासताना एखादी जोडी मेलेली निघाली की आम्ही तिला लाल टेप गुंडाळायचो. म्हणजे नंतरच्या माणसाने तिच्यावर वेळ घालवायचा नाही. सोडून द्यायची. तुमच्या चित्रात तर मुख्य केबलच अख्खी लाल. बघितल्याबरोबर कळलं.

काकू: काय कळलं? अहो, काय कळलं?

संशोधक: काकू, एक मिनिट. मला बोलू द्या आधी. काका, नीट ऐका. लाल म्हणजे बिघाड नव्हे. लाल म्हणजे फक्त दिशा. डावीकडून उजवीकडे जाणारे धागे आम्ही लाल दाखवतो. पुढून मागे जाणारे हिरवे, खालून वर जाणारे निळे. मेंदूत रंग नसतातच असे. ते आम्ही आमच्या सोयीसाठी भरतो. हे तेव्हाच कोणीतरी सांगायला हवं होतं तुम्हाला.

काका: ...मला बरं वाटावं म्हणून नाही ना बोलत तू?

संशोधक: काकूंचं चित्र आहे माझ्याकडे, मागच्या वेळचं. काकू, उघडू का? तुमचं आहे, तुमची परवानगी हवी.

काकू: उघड, उघड. डोकं तर डोकं. केस विंचरलेले आहेत ना त्यात?

संशोधक: केस दिसत नाहीत. हे बघा.

काकू: ...अगं बाई.

संशोधक: हे तुम्ही.

काकू: हे? हे माझ्यात आहे?

संशोधक: तुमच्यातच. आत्ता, इथे बसल्या बसल्या.

काकू: हे फिरवता येतं? हं, तसं. सावकाश. ...देवा रे. पोरी, मी इतकी वर्षं हे डोक्यावर घेऊन फिरतेय, आणि मला पत्ता नाही. ह्याच्यावर मी तेल थापते.

संशोधक: काकांना सांगा ना तुम्ही. त्यांना तिथून दिसत नाही. बटण दाबा आणि तुम्हीच सांगा, काय दिसतंय ते.

काकू: अहो, ऐका. मी माझं डोकं बघतेय. हसू नका. खाली मानेतून निळ्या तारा वर आल्यात, एकजूट, दोरखंडासारख्या. आणि वर येऊन कारंज्यासारख्या फुटल्यात सगळीकडे. कडेने हिरवं आहे, कपाळाकडून मागे गेलेलं, जसं काही कोणी बारीक फणीने भांग पाडून ठेवलाय. एकही तार गुंतलेली नाही हो. आणि मधोमध... मधोमध लाल आहे. जाड, कमानीसारखं. अगदी तुमच्या कपाटातल्यासारखं. अख्खं लाल! आता बोला. माझंही मेलंय म्हणायचं का? बघ, सोडलं मी बटण. बोला तुम्ही.

काका: ...तुझं कसं मरेल.

संशोधक: काका, तो लाल पट्टा म्हणजे पूल आहे. डावा मेंदू आणि उजवा मेंदू त्याच्यावरून एकमेकांशी बोलतात. तिथे वीसेक कोटी धागे आहेत.

काका: किती?

संशोधक: वीस कोटी.

काका: आमची सगळ्यात जाड केबल चोवीसशे जोड्यांची होती. एक सांधा भरायला आम्हा तिघांना दिवसच्या दिवस लागायचे. डोळे फुटायची वेळ यायची. एक जोडी इकडची तिकडे झाली तर कुणाचा तरी फोन भलत्याच घरी वाजायचा... वीस कोटी. कोणी जोडलं हे?

संशोधक: कोणीच नाही. धागे स्वतःच वाढत गेले, जन्माच्या आधी. प्रत्येक धाग्याच्या टोकाला चाचपडणारी बोटं असतात म्हणा ना. तशी वाट हुंगत हुंगत मधली रेषा ओलांडून तो पलीकडे गेला, आणि जिथे थांबायचं तिथे थांबला.

काका: नकाशा नसताना?

संशोधक: नकाशा नसताना. का, कसं, ह्यातलं थोडंसं कळलंय आम्हाला. बरंचसं नाही.

काका: आणि वरून वेष्टण? उघडी तार नसेल ठेवली.

संशोधक: नाही ठेवली! चरबीचं वेष्टण असतं, थरावर थर. म्हणून तर तो भाग पांढरा दिसतो.

काका: चोख काम आहे.

काकू: ऐकतेस ना? साहेबांनी पास केलं. रस्त्याने जाताना दुसऱ्याचा सांधा बघून नाकं मुरडणारा माणूस आहे हा.

काका: मग माझा बिघाड कुठे आहे? तोही सांग. काहीतरी बिघडलंय, ते मला कळतं. हात माझा आहे.

संशोधक: सांगते. मेंदूच्या देठात, खूप आत, दोन लहान काळसर पट्टे असतात. डावा आणि उजवा. तिथल्या पेशी हळूहळू मरतात. मेंदूतल्या अब्जावधी पेशींमध्ये त्या जेमतेम काही लाख. पण एकेकीचा पसारा असा, की तिच्या फांद्या सरळ केल्या तर काही मीटर भरतील. डोळ्याला दिसत नाही अशी एक पेशी, आणि तिने ह्या खोलीएवढं अंतर सांभाळायचं. त्यामुळेच त्या लवकर थकत असाव्यात, असं काही जणांना वाटतं. हात थरथरायला लागतात तोवर त्यांतल्या बऱ्याच गेलेल्या असतात.

काका: तोवर? म्हणजे आधीपासूनच जात होत्या?

संशोधक: कित्येक वर्षं आधीपासून.

काका: त्या वर्षांत मी खड्ड्यात उतरत होतो. टॉर्च दातात धरून तारा पिळत होतो.

संशोधक: हो.

काका: एक जोडी चुकली नाही.

संशोधक: कारण ज्या उरल्या होत्या त्यांनी काम ओढून नेलं. जेवढं जमेल तेवढं, कुणालाही न सांगता. आणि आता जे आम्ही शोधतोय ते त्याच्या पुढचं आहे. त्या पेशी गेल्यावर पांढऱ्या भागातल्या लांबच्या वाटांचं काय होतं? काही अभ्यासांत असं दिसलं, की आजाराच्या सुरुवातीला काही वाटा निरोगी माणसांपेक्षाही ठसठशीत असतात. कदाचित मेंदू दुसऱ्या वाटेने काम चालू ठेवत असावा. कदाचित. नंतर मात्र त्याही झिजतात. केव्हा, कुठून, किती, ते बघायलाच तुम्ही आज गोळी न घेता तिथे पडलाय.

काका: म्हणजे मी बरा होणार असं नाही.

संशोधक: नाही, काका. तसं मी म्हणणार नाही. आणि तुमच्या वाटा कशा आहेत हे तुमच्या एकट्याच्या चित्रावरून मला आज कळणारही नाही. पण लाल म्हणजे मेलेलं नाही, हे नक्की. ते मी छातीवर हात ठेवून सांगते.

काकू: मला दे ते बटण. अहो... दोन वर्षं? दोन वर्षं तुम्ही हे मनात ठेवून त्या कपाटासमोर उभे राहिलात? मला नाही सांगावंसं वाटलं? मी काय परकी आहे?

(काकू बटण सोडतात. दोन्ही हात मांडीवर. काचेपलीकडे बराच वेळ काहीच नाही. त्या बोलत नाहीत.)

काका: सांगितलं होतं. चित्र लावलं त्याच संध्याकाळी. तुझा मिक्सर चालू होता.

काकू: मग तो बंद झाल्यावर परत नाही का सांगायचं?

संशोधक: बटण, काकू.

काकू: मिक्सर बंद झाल्यावर परत का नाही सांगितलंत?

काका: ...परत तेवढा दम नव्हता. एकदा बोलायलाच फार लागतो. आणि तू तोवर दुसरं काहीतरी सांगत होतीस. शेजारणीचं. ते मला ऐकायचं होतं.

काकू: आणि त्या खोलीला? मी विचारलं, जायचं का तिकडे, तर "बरं" म्हणालात. मला वाटलं, राग धरलाय. मी रात्रभर कूस बदलत होते.

काका: मेलेली जोडी केबलीत ठेवून काय करायचं. जागा अडते. तू दमलेली दिसत होतीस.

काकू: जोडी म्हणे! ...अहो, आता मी विचारते त्याचं खरं उत्तर द्या. आणि "बरं" म्हणालात तर त्या बोगद्यात शिरून डोकं फोडीन, मग हिला नकाशा मिळायचा नाही. तिकडे जायचंय का तुम्हाला?

संशोधक: थांबा. येईल.

काकू: थांबलेय.

काका: ...नाही.

काकू: नाही म्हणाले.

काका: खोली चांगली होती. खिडकी मोठी होती. पण तिथे नकला कोण करणार? परवा तू शेजारणीची केलीस, ती जिन्यात पिशवी फाटते ती. बटाटे घरंगळतात ती. मी फार हसलो.

काकू: हसलात? कधी हसलात? मी तुमच्या समोर उभी होते. ढिम्म बसला होता तुम्ही!

काका: हसलो. तुला दिसलं नाही.

काकू: ...पोरी, माझा फोन कुठे आहे? पर्समध्ये बघ. गोळीच्या खाली. आण इकडे.

संशोधक: हा घ्या. मी बाहेर जाऊ का?

काकू: कशाला? बस. ...हॅलो? हो, मीच. खोलीचंच बोलायला केला. नको आम्हाला ती. ...नाही हो, पैशांचं काही नाही. माणूस सापडला. ...आमचाच. घरातच होता. ...नाही, हरवला नव्हता. पोलिसांत कशाला जायचं? ...अहो बाई, मिक्सरमुळे सगळं. ...मिक्सर, मिक्सर! जाऊ दे, तुम्ही ज्यांना हवी त्यांना देऊन टाका. ...काय? नाही, ह्यांना सवलतीत लघवीचं भांडं नको. ...आणि चाकांची खुर्चीही नको! ठेवते.

संशोधक: काकू... फोन करताना तुमचं कोपर बटणावर होतं.

काकू: मग? ऐकू देत की. त्यांच्याबद्दलच बोलत होते.

संशोधक: बरं, आता शेवटचं चित्र. सगळ्यात लांबलचक आणि आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं. काका, ह्यात मात्र अजिबात हलायचं नाही. जमेल ना?

काका: बरं.

काकू: घ्या! पुन्हा गाडी रुळावर.

संशोधक: सुरू केलंय. ही रेघ बघा, काकू. आत एक कॅमेरा त्यांच्या कपाळाकडे बघत असतो. डोकं केसभर हललं तरी रेघ उचलते. आता बघा कशी सरळ आहे. फार थोडी माणसं एवढी स्थिर राहतात.

काकू: ते कौतुक मला नको सांगूस. पुतळ्यासारखं बसण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही... पोरी, एक विचारू? तू रोज हे बघतेस, मग रस्त्याने जाताना तुला माणसं कशी दिसतात?

संशोधक: हे कोणी विचारलं नव्हतं मला. खरं सांगू? कधीकधी बससाठी रांगेत उभी असते. पुढे एक बाई, भाजीची पिशवी घेतलेली. जांभई देत असते. आणि मला एकदम वाटतं, हिच्या डोक्यात लाख किलोमीटर आहेत, आणि ती जांभई देतेय. मग पुढच्याच्याही डोक्यात तेवढेच. ड्रायव्हरच्याही. मग माझं उतरायचं ठिकाण निघून जातं.

काकू: जायचंच. मला तर आत्ताच फोनवर तिथल्या मॅनेजरबाईला असं बोलले म्हणून चुटपुट लागलीय. तिच्याही डोक्यात ते कारंजं असेलच की... काय झालं? असं का बघतेस?

संशोधक: रेघ उडतेय.

काकू: फुगा दाबला का त्यांनी?

संशोधक: नाही, फुगा नाही दाबला. आणि हा कंपही नाही. कंप एका तालात येतो. हे बघा, बारीक बारीक, मध्येच थांबतंय, परत येतंय. खोकला असेल का? छोट्या पडद्यावर चेहरा दिसतोय, पण चेहरा तर आहे तसाच आहे.

काकू: सरक. चेहरा काय बघतेस त्यांचा! काचेतून बघ. पोटावरची चादर बघ.

संशोधक: हलतेय.

काकू: हसतायत. अगं, हे हसतायत! असेच हसायचे, सगळं पोटातून.

संशोधक: आत्ता? पण आत तर ऐकूही येत नाही काही. कशाला हसतील?

काकू: ते भांडं नको म्हणाले ना मी फोनवर. ते आत्ता पोचलं असेल.

संशोधक: अरे देवा. गेलं मग हे सगळं. एवढं हलल्यावर ह्या चित्राचा काही उपयोग नाही, काकू. थांबवते आणि पहिल्यापासून घेते परत.

काकू: घे परत. पण आत्ताच नको थांबवूस. हसून होऊ दे त्यांचं.